इंडेक्स फुगले की डिस्ककडे शेवटी पाहा

मोंगोडीबीवर चालणाऱ्या यंत्रणेत डिस्क भरत आल्याचा इशारा वाजला की बहुतेक ठिकाणी एकच धावपळ दिसते. जुने डॉक्युमेंट डिलीट करायची स्क्रिप्ट रात्री लावली जाते. ती तासन्‌तास चालते, सेकंडरी सर्व्हर मागे पडतात, आणि सकाळी डिस्कचा आकडा पाहावा तर तो जागचा हललेला नसतो. मग कोणीतरी कॉम्पॅक्ट कमांड सुचवते. त्यानेही भागले नाही की मोठ्या डिस्कची मागणी वर जाते, ती मंजूर होते, आणि काही महिन्यांनी पुन्हा तोच इशारा वाजतो.

इथे चुकतो तो क्रम. २०१५ च्या अखेरीस आलेल्या ३.२ आवृत्तीपासून मोंगोडीबीचे मूळ साठवण-इंजिन वायर्डटायगर आहे. ते प्रत्येक कलेक्शनची एक फाइल ठेवते आणि प्रत्येक इंडेक्सची आणखी एक, स्वतंत्र. डॉक्युमेंट डिलीट केले की या फाइलींच्या पोटात रिकाम्या जागा पडतात. पुढच्या नोंदींसाठी त्या वापरल्याही जातात, पण ऑपरेटिंग सिस्टिमच्या लेखी फाइल होती तेवढीच राहते. याउलट एखादा इंडेक्स ड्रॉप केला तर त्याची फाइलच जाते आणि जागा खरोखर मोकळी होते. म्हणून आधी कोणते इंडेक्स नकोत ते ठरवावे, मग जे हवेत ते बारीक करावे आणि फाइली पिळून जागा काढण्याचे काम सर्वात शेवटी घ्यावे. बहुतेक जण नेमके शेवटून सुरुवात करतात.

आकडे हवेत राहू नयेत म्हणून एक कल्पित उदाहरण धरून चालू. एका जिल्ह्याच्या दूध संघाची संकलन यंत्रणा आहे. ५०,००० उत्पादक सकाळ-संध्याकाळ दूध घालतात आणि प्रत्येक वेळचे एक डॉक्युमेंट तयार होते: संस्था, सभासद, तारीख, वेळ, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम, बिलाची स्थिती. म्हणजे दिवसाला १ लाख डॉक्युमेंट, वर्षाला ३ कोटी ६५ लाख. आयडीवरचा इंडेक्स तर मोंगोडीबी स्वतःच बनवते. त्यातल्या एका नोंदीला ढोबळ मानाने २० बाइट धरले तर वर्षाला ७३ कोटी बाइट होतात, म्हणजे पाऊण जीबीच्या आतबाहेर. हा झाला सगळ्यात सडपातळ इंडेक्स. त्यावर आणखी आठ इंडेक्स चढवले, त्यातले दोन-तीन जाडजूड निघाले आणि तीन सर्व्हरच्या रेप्लिका सेटमुळे सगळ्याची तिप्पट झाली, तर दरवर्षी केवळ इंडेक्सपायी किती जागा जाईल याचा अंदाज येतो. एका कलेक्शनवर ६४ पर्यंत इंडेक्स चालतात. तिथवर पोचलेले कलेक्शन कधी पाहायला मिळाले तर त्याच्या मालकाला आधी चहा पाजावा.

डिस्क तशी स्वस्त आहे. खरी महाग आहे ती मेमरी. वायर्डटायगरचा कॅश मुळात एकूण रॅममधून १ जीबी वजा करून उरलेल्याच्या निम्मा असतो. १६ जीबीच्या सर्व्हरवर तो ७.५ जीबी भरतो. याच कॅशमध्ये डॉक्युमेंटही राहतात, तीही दाबणी उलगडलेल्या रूपात. वापरातले इंडेक्स त्यात मावेनासे झाले की प्रत्येक क्वेरी डिस्ककडे धाव घेऊ लागते, आणि डिस्क भरण्याच्या कितीतरी आधी वापरणाऱ्यांच्या तक्रारी सुरू होतात. शिवाय नव्या डॉक्युमेंटगणिक सगळ्या इंडेक्समध्ये लिहावे लागते. पहाटे पाच ते आठ या वेळात सगळ्या संस्थांचे आकडे एकदम येतात, तेव्हा त्या आठ जादा इंडेक्सचा भार नेमका जाणवतो.

आधी मोजा

कलेक्शनच्या आकडेवारीत, म्हणजे कॉलस्टॅट्समध्ये, एकूण इंडेक्सचा आकार आणि इंडेक्सवार आकार दोन्ही मिळतात. आकडे बाइटमध्ये येतात. एमबीत हवे असतील तर स्केल द्या. इंडेक्सचे तपशील मागितले तर प्रत्येक फाइलीत पुन्हा वापरता येण्याजोगी किती जागा रिकामी पडली आहे तेही कळते. हे दोन आकडे आणि डॉक्युमेंटची संख्या दर आठवड्याला कुठेतरी लिहून ठेवा, साध्या स्प्रेडशीटमध्ये ठेवले तरी चालेल. एका दिवसाच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो, चार महिन्यांच्या रांगेला असतो. डॉक्युमेंट वाढतात त्याच वेगाने इंडेक्स वाढत असेल तर ती धंद्याची वाढ आहे. इंडेक्स त्याहून वेगाने वाढत असेल तर बहुधा एखाद्या ॲरेवर इंडेक्स आहे आणि तो ॲरे लांबत चालला आहे, किंवा नोंदी मनमानी क्रमाने घुसून इंडेक्सच्या झाडासारख्या रचनेतली पाने अर्धवट भरलेली राहत आहेत.

फुगवटा नेमका किती, हे जाणून घ्यायची एक सोपी युक्ती फार कमी जण वापरतात. मोंगोडंपने घेतलेल्या बॅकअपमध्ये इंडेक्सचा मजकूर नसतो, फक्त व्याख्या असतात. रिस्टोअर करताना इंडेक्स नव्याने बांधले जातात. त्यामुळे ताजा बॅकअप चाचणीच्या सर्व्हरवर उतरवला की तिथले इंडेक्स घट्ट बांधलेले मिळतात. प्रत्यक्ष सर्व्हरवर ४ जीबीचा असलेला इंडेक्स तिथे २.२ जीबी निघाला, तर उरलेले १.८ जीबी म्हणजे पोकळी. आणि तिथेही ३.९ निघाला, तर कॉम्पॅक्टच्या नादी लागू नका. तुमचा इंडेक्स मुळातच जाड आहे. एरवीही बॅकअप रिस्टोअर करून पाहायचा असतोच, त्यातच हेही होऊन जाते.

कोणते इंडेक्स काढायचे

मोंगोडीबीत इंडेक्सस्टॅट्स नावाची अ‍ॅग्रिगेशनची पायरी आहे. प्रत्येक इंडेक्स किती वेळा वापरला गेला आणि ही मोजणी केव्हापासूनची आहे, हे ती सांगते. वापर शून्य, मग ड्रॉप, इतके हे सरळ वाटते. प्रत्यक्षात इथेच सर्वाधिक घात होतात.

पहिली गोष्ट, सर्व्हर रीस्टार्ट झाला की ही मोजणी शून्यावर येते. परवा रात्री अपग्रेडसाठी सर्व्हर उठवला असेल तर आजचा शून्य फक्त दोन दिवसांचा आहे. दुसरी, मोजणी ज्या त्या सर्व्हरची असते. प्रायमरीवर कोणी ढुंकूनही न पाहिलेला इंडेक्स अहवालांसाठी ठेवलेल्या सेकंडरीवर दिवसभर राबत असू शकतो. म्हणून रेप्लिका सेटमधल्या प्रत्येक सर्व्हरवर, लपवून ठेवलेल्या सर्व्हरवरही, जाऊन पाहायचे. तिसरी, मोजणीत फक्त वापरकर्त्यांच्या क्वेरी धरल्या जातात. मुदत संपलेले डॉक्युमेंट आपोआप काढणारा टीटीएल इंडेक्स स्वतःचे काम चोख करत असतो, पण ते काम मोजणीत दिसत नाही. युनिक इंडेक्सवरून कोणी शोध घेत नसेल, पण एकाच सभासदाची एकाच वेळची दोन डॉक्युमेंट तोच अडवत असतो. शार्ड केलेल्या कलेक्शनवर शार्ड-कीच्या इंडेक्सलाही हात लावायचा नाही.

चौथी गोष्ट कॅलेंडरची. मोजणी केव्हापासूनची आहे याबरोबरच त्या काळात कोणकोणती कामे येऊन गेली हेही पाहावे लागते. आपल्या दूध संघात दर दहा दिवसांनी बिल निघते, मार्चअखेर ताळेबंद होतो आणि दिवाळीआधी उत्पादकांना दूध दर फरक दिला जातो. त्या फरकाच्या हिशोबासाठी सभासदवार वर्षाची बेरीज लागते. जून ते ऑगस्टची मोजणी पाहून सभासदावरचा इंडेक्स काढला, तर ऑक्टोबरमध्ये तो हिशोब तासाभराऐवजी रात्रभर चालेल, आणि चिडलेला फोन नेमका सणाच्या तोंडावर येईल. मात्र असा वर्षातून एकदा लागणारा इंडेक्स बाराही महिने पोसलाच पाहिजे असेही नाही. हिशोबाच्या आठवड्यात तो बांधावा, काम झाले की काढावा. ४.४ पासून इंडेक्स रेप्लिका सेटच्या सर्व सर्व्हरवर एकाच वेळी बांधला जातो आणि बांधणीच्या काळात कलेक्शन बराच वेळ अडून राहत नाही, त्यामुळे हे आता पूर्वीइतके धाडसाचे राहिलेले नाही.

वापराची मोजणी न पाहताही काही इंडेक्स निरुपयोगी आहेत हे नुसत्या यादीवरून कळते. संस्था, तारीख, वेळ असा जोड-इंडेक्स असेल तर केवळ संस्थेवरचा आणि संस्था-तारखेवरचा असे दोन्ही इंडेक्स त्यातच सामावलेले असतात. डावीकडून सुरू होणारा कोणताही भाग जोड-इंडेक्स पुरवतो. केवळ तारखेवरचा मात्र त्यातून मिळत नाही, कारण तारीख मधे आहे. छोटा इंडेक्स युनिक असेल, अंशतः बांधलेला असेल किंवा त्याचे कोलेशन वेगळे असेल, तर तो वेगळा धरायचा. एकाच फील्डवर चढता आणि उतरता असे दोन इंडेक्स काही ठिकाणी आढळतात. एकेरी इंडेक्स दोन्ही दिशांनी वाचता येतो, एक लगेच काढा. तसेच ज्या फील्डची दोन-तीनच मूल्ये आहेत त्यावरचा एकटा इंडेक्स. सकाळ की संध्याकाळ यावरचा इंडेक्स कोट्यवधी नोंदी वागवतो आणि निम्मे कलेक्शन परत देतो. तेवढ्यासाठी त्याला ठेवण्यात अर्थ नाही.

काढायचे ठरले तरी थेट ड्रॉप करू नका. ४.४ पासून इंडेक्स लपवता येतो. लपवलेला इंडेक्स क्वेरी प्लॅनरला दिसत नाही, पण आतून अद्ययावत राहतो. युनिक असेल तर बंधन पाळले जातेच, टीटीएल असेल तर साफसफाईही चालू राहते. यात जागा अजिबात वाचत नाही, पण काही बिघडले तर एका कमांडने तो क्षणात परत दिसू लागतो. मोठा इंडेक्स नव्याने बांधायला जे तास लागतात ते वाचतात. किमान एक बिलाचा फेरा आणि एक महिनाअखेर तो लपलेला राहू द्या, मग ड्रॉप करा.

ड्रॉप केल्यावर एक गोष्ट विसरू नका. तुमचा कोड नोड.जेएसमध्ये मंगूस वापरून लिहिलेला असेल, तर स्कीमामध्ये नोंदवलेले इंडेक्स तो ॲप्लिकेशन सुरू होताना मुळात स्वतःहून बनवतो. म्हणजे तुम्ही आज काढलेला इंडेक्स पुढच्या डिप्लॉयमेंटला गुपचूप परत येतो, आणि महिन्याभराने डिस्क पाहून दोन विभागांत वाद सुरू होतो. प्रॉडक्शनमध्ये ऑटोइंडेक्स बंद ठेवा आणि स्कीमातूनही ती ओळ काढा. इंडेक्सची यादी कोडबरोबरच ठेवावी आणि प्रत्येकापुढे तो कोणत्या स्क्रीनसाठी किंवा अहवालासाठी आहे ते लिहावे. ज्या इंडेक्सपुढे काय लिहावे हे कोणालाच सुचत नाही, त्याच्यापासून चौकशी सुरू करावी.

उरलेले बारीक करा

इंडेक्समध्ये फील्डची नावे साठवली जात नाहीत, मूल्ये साठवली जातात. फील्डची नावे आखडून डॉक्युमेंट थोडे लहान होईल, इंडेक्सवर काही परिणाम नाही. (वाइल्डकार्ड इंडेक्स याला अपवाद. त्यात फील्डचा मार्गही नोंदवावा लागतो, आणि म्हणूनच तो बेसुमार वाढतो.) तेव्हा मूल्यांकडे पाहायचे.

मराठीत माहिती साठवणाऱ्यांना इथे एक वेगळा हिशोब करावा लागतो. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे. ‘कोल्हापूर’ रोमन लिपीत ८ बाइटांत बसते, देवनागरीत २७ बाइट घेते. ‘श्री हनुमान सहकारी दूध उत्पादक संस्था’ हे नाव मधल्या मोकळ्या जागांसह १०१ बाइट होते. संस्थेचा चार आकडी क्रमांक पूर्णांक म्हणून ठेवला तर जेमतेम काही बाइटांत काम होते. नावे मराठीतच ठेवा, ती डॉक्युमेंटमध्ये किंवा संस्थांच्या छोट्या कलेक्शनमध्ये असू द्या. कोट्यवधी नोंदींचा इंडेक्स मात्र क्रमांकावर बांधा. मराठी वर्णक्रमाने यादी हवी म्हणून मराठी कोलेशनचा इंडेक्स केला, तर त्यात मूळ शब्दाऐवजी क्रमवारीसाठी तयार केलेली मूल्ये साठवली जातात, आणि ती आणखी मोठी असू शकतात. संस्थांच्या काही हजारांच्या कलेक्शनवर असा इंडेक्स खुशाल असावा, दैनंदिन संकलनावर नको.

लेखनाची लिपी कोणतीही असो, हीच उधळपट्टी आणखी काही ठिकाणी दिसते. तारीख मजकूर म्हणून मिलिसेकंदांसकट साठवली की २४ बाइट, डेट प्रकारात ८. यूयूआयडी मजकूर म्हणून ३६, बायनरी म्हणून १६. ऑब्जेक्टआयडी मुळात १२ बाइटांचा, पण दुसऱ्या कलेक्शनमधून त्याचा संदर्भ देताना हेक्स मजकूर करून ठेवला की २४. हे तीन प्रकार दुरुस्त केले तरी कित्येक यंत्रणांचे इंडेक्स नजरेत भरण्याइतके उतरतात. लांबलचक दुव्यांसारख्या मजकुरावर केवळ ‘तंतोतंत हाच आहे का’ एवढेच विचारायचे असेल तर हॅश इंडेक्स बरा, त्यात मूल्याऐवजी ६४ बिटांचा हॅश राहतो. पण त्यावर ‘यापासून त्यापर्यंत’ असे विचारता येत नाही आणि युनिकचे बंधनही घालता येत नाही.

वायर्डटायगर इंडेक्समध्ये प्रीफिक्स दाबणी वापरते. शेजारशेजारच्या नोंदींचा सुरुवातीचा भाग सारखा असेल तर तो पुन्हा पुन्हा लिहिला जात नाही, आणि हा फायदा डिस्कवर तसाच कॅशमध्येही मिळतो. म्हणून जोड-इंडेक्समध्ये फील्डचा क्रम जागेवरही परिणाम करतो. संस्था क्रमांक आधी आणि सेकंदापर्यंतची वेळ नंतर असेल तर एका संस्थेच्या सगळ्या नोंदी शेजारी येतात आणि संस्थेचा भाग दाबला जातो. उलट क्रम ठेवला तर सेकंद बदलला की सुरुवातच बदलते आणि मागचे मूल्य पूर्ण लिहावे लागते. अर्थात क्रम ठरतो तो क्वेरीवरून: आधी बरोबरीच्या अटीची फील्ड, मग क्रमवारीची, मग पल्ल्याची. पण बरोबरीच्या अटीची दोन फील्ड असतील आणि पुढेमागे केल्याने कोणतीच क्वेरी अडत नसेल, तर वारंवार येणारे मूल्य पुढे ठेवा.

आयडीच्या बाबतीत मोंगोडीबीने दिलेला ऑब्जेक्टआयडी बदलण्याआधी दोनदा विचार करा. त्याचे पहिले ४ बाइट वेळेचे असतात, त्यामुळे नव्या नोंदी झाडाच्या उजव्या टोकाला ओळीने जाऊन बसतात, पाने पूर्ण भरतात आणि कॅशमध्ये ते टोक तेवढे असले तरी लिहिण्याचे काम निभते. यादृच्छिक यूयूआयडी झाडात कुठेही घुसतात. भरलेली पाने मधून फुटतात, अर्धवट राहतात, आणि लिहिण्यासाठी सगळाच इंडेक्स मेमरीत लागतो.

काही नोंदी आत घेऊच नका

माझ्या मते सर्वात कमी वापरलेले आणि सर्वात जास्त कामाचे साधन म्हणजे ३.२ पासून मिळणारा पार्शल इंडेक्स. दूध संघात बिलाच्या स्थितीवरून शोध फक्त ‘बाकी’ असलेल्या डॉक्युमेंटचाच घेतला जातो. दहा दिवसांचा फेरा धरला तर एका वेळी सुमारे १० लाख डॉक्युमेंट बाकी असतात आणि वर्षअखेर उरलेली साडेतीन कोटींहून अधिक चुकती झालेली असतात. साधा इंडेक्स या सगळ्यांना वागवतो. ‘स्थिती बाकी असेल तरच’ अशी अट घातलेला इंडेक्स १० लाखांवर थांबतो, आणि वर्षे उलटली तरी तेवढाच राहतो. बिल चुकते झाले की नोंद बाहेर पडते आणि तिची जागा पुढच्या फेऱ्याच्या नोंदीला मिळते.

अडचण एवढीच की क्वेरीतही तीच अट स्पष्ट लिहिलेली हवी, नाहीतर प्लॅनर या इंडेक्सकडे पाहणार नाही. अटीत ‘नसलेले’ किंवा ‘याखेरीज’ असे चालत नाही. म्हणजे ‘चुकते नसलेले’ असे म्हणता येणार नाही, ‘बाकी’ असेच म्हणावे लागेल. स्थितीची नावे ठरवतानाच हे लक्षात घेतले तर पुढची डोकेदुखी वाचते. तसेच एखादे फील्ड मोजक्याच डॉक्युमेंटमध्ये असेल, उदाहरणार्थ फॅटबद्दलच्या तक्रारीचा क्रमांक, तर साधा इंडेक्स ज्यांच्यात ते फील्ड नाही त्यांचीही शून्यवत् नोंद करून ठेवतो. ‘फील्ड असेल तरच’ ही अट घाला.

ॲरेवरचा इंडेक्स मात्र उलट्या बाजूने फसवतो. डॉक्युमेंट कमी व्हावीत म्हणून एका संस्थेचे एका वेळचे सगळे सभासद एकाच डॉक्युमेंटच्या ॲरेत घातले, तर डॉक्युमेंटची संख्या झपाट्याने उतरते आणि सगळे खूश होतात. पण त्या ॲरेतल्या सभासदावर इंडेक्स असेल तर प्रत्येक घटकाची वेगळी नोंद होते. दोनशे सभासदांच्या एका डॉक्युमेंटमागे दोनशे नोंदी. आयडीचा इंडेक्स लहान झाला, सभासदाचा जिथल्या तिथेच राहिला. ५.० पासूनची टाइम सिरीज कलेक्शन अशा मोजमापांसाठी खूपच काटकसरी आहेत, कारण त्यांचे इंडेक्स एकेका मोजमापावर नसून गठ्ठ्यांवर असतात. पण त्यांत आधी लिहिलेले बदलण्यावर मोठी बंधने आहेत, आणि फॅटची दुरुस्ती हा दूध संकलनातला रोजचा प्रकार आहे. इथे मी ती वापरणार नाही. टाकीच्या तापमानाच्या नोंदींसाठी जरूर वापरेन.

टेक्स्ट इंडेक्सबद्दल थोडक्यात. तो प्रत्येक डॉक्युमेंटमधल्या प्रत्येक वेगळ्या शब्दाची नोंद करतो. इंग्रजीसारख्या भाषांत शब्दाचे मूळ काढून रूपे एकत्र केली जातात आणि किरकोळ शब्द गाळले जातात. त्या भाषांच्या यादीत मराठी नाही. ‘दुधाचा’, ‘दुधाची’, ‘दुधाला’, ‘दुधात’ यांच्या चार वेगळ्या नोंदी होतात, आणि ‘आणि’चीही एक. मराठी शेऱ्यांच्या किंवा तक्रारींच्या मजकुरावर हा इंडेक्स टाकला तर तो जागाही खाईल आणि शोधही नीट लागणार नाही. खरोखर शोध हवा असेल तर त्यासाठी वेगळे शोध-इंजिन ठेवा.

आता जागा परत घ्या

नको ते गेले, उरलेले बारीक झाले, आणि तरी फाइलींत पोकळी मोठी आहे असे रिस्टोअरच्या तुलनेवरून दिसते. आता कॉम्पॅक्टची पाळी. ही कमांड कलेक्शन आणि त्याचे सगळे इंडेक्स आवळते, पण ज्या सर्व्हरवर चालवली तिथेच. ती रेप्लिकेट होत नाही. आधी सेकंडरी एकेक करून घ्या, मग प्रायमरीची जबाबदारी दुसऱ्याकडे देऊन तिच्यावर चालवा. ४.४ च्या आधी ती त्या डेटाबेसवरची बाकीची सगळी कामे रोखून धरत असे. आता त्या काळात केवळ त्या कलेक्शनवर इंडेक्स बांधणे-काढणे यांसारखी कामे अडतात. ८.० मध्ये पार्श्वभूमीवर आपोआप चालणारे रूपही आले आहे. जागा परत मिळेलच अशी हमी मात्र कोणत्याच आवृत्तीत नाही. फाइलीच्या शेवटचा भाग मोकळा करता आला तरच फाइल आखडते.

सेकंडरीचा डेटा पूर्ण पुसून तिला नव्याने इनिशियल सिंक करू दिले तर सगळ्या फाइली घट्ट बनतात. डेटा आटोपशीर असेल तर मला हाच मार्ग जास्त खात्रीचा वाटतो. फक्त सिंक पुरे होईपर्यंतचा इतिहास ऑपलॉगमध्ये टिकेल एवढा तो लांब हवा, आणि त्या काळात रेप्लिका सेटमध्ये एक सर्व्हर कमी आहे हे ध्यानात असू द्या. रीइंडेक्स कमांड जुन्या लेखांमध्ये वाचायला मिळेल, ५.० पासून ती रेप्लिका सेटवर चालतच नाही. एकच इंडेक्स घट्ट करायचा असेल तर त्याच फील्डच्या शेवटी आयडी जोडून तात्पुरता इंडेक्स बांधावा, मूळ काढून पुन्हा बांधावा आणि मग तात्पुरता काढावा. मधल्या काळात क्वेरी उघड्यावर पडत नाहीत.

दरवर्षी जुने डॉक्युमेंट काढायचेच असतात, तर मुळात प्रत्येक आर्थिक वर्षाचे कलेक्शन वेगळे ठेवण्याचा विचार करा. एप्रिलमध्ये तीन वर्षांपूर्वीचे कलेक्शन संग्रहात नेऊन ड्रॉप केले की त्याची आणि त्याच्या सर्व इंडेक्सची जागा एका फटक्यात सुटते. वर्षाच्या सीमेवरून जाणाऱ्या अहवालांना थोडा जास्त कोड लिहावा लागतो. आयडीवरूनच सगळे व्यवहार होत असतील, तर ५.३ पासूनच्या क्लस्टर्ड कलेक्शनमध्ये आयडीचा वेगळा इंडेक्सच राहत नाही, हाही पर्याय पाहण्याजोगा आहे.

मोंगोडीबी न वापरणाऱ्यांसाठी दोन शब्द. अझूर कॉसमॉस डीबी आणि फायरस्टोअर इथे सवय उलटी आहे. तिथे काही न सांगता जवळपास प्रत्येक फील्डवर इंडेक्स होतो आणि इंडेक्सच्या जागेचे पैसेही लागतात. कॉसमॉसमध्ये इंडेक्सिंग पॉलिसीत नको ते मार्ग वगळा, फायरस्टोअरमध्ये त्या फील्डला सूट द्या. लांब शेरे, नकाशाचे कच्चे आकडे, बाहेरून आलेला जसाच्या तसा मजकूर, ही वगळायची पहिली नावे. काउचडीबीत व्ह्यूच्या फाइली शेवटाला जोडत जोडत वाढतात. तिथे व्ह्यूची व्याख्या बदलली की जुन्या व्याख्येची फाइल मागे पडून राहते. व्ह्यू क्लीनअप झाल्याशिवाय ती जात नाही.

आणि इशारा खूप उशिरा वाजला, डिस्क ९७ टक्क्यांवर आहे, तर? डॉक्युमेंट डिलीट करू नका, त्याने तातडीने काही मिळणार नाही. डेटाच्या फोल्डरमधली इंडेक्स नावाची फाइल हाताने तर कधीच उडवू नका. सर्व्हर नंतर उठणार नाही. ज्याची गरज आज-उद्या नाही असा सर्वात मोठा इंडेक्स शोधा, त्याची व्याख्या पूर्ण पर्यायांसह उतरवून घ्या आणि तो ड्रॉप करा. जागा काही वेळात सुटेल. तो परत बांधताना बांधणीची मुळातली २०० एमबी मेमरी ओलांडली की तात्पुरत्या फाइली त्याच डिस्कवर पडतात, म्हणून इंडेक्सच्या आकाराहून बरीच जास्त जागा मोकळी झाल्याशिवाय ते काम हाती घेऊ नका.